गोळ्या वेळेवर घेतो, पण बोलत नाही

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. धाकटा भाऊ 29 वर्षांचा, बायपोलरचा आजार (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं), तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलमधून घरी आला. त्याआधी नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. लालबागची चाळ पाडायला घेतली म्हणून तुम्ही नालासोपाऱ्यात भाड्याने आलात. त्याची ऑफिसची बॅग अजून खुंटीला आहे. परवा तो म्हणाला, "माझ्यामुळे तुमचे फार हाल झाले." औषधं वेळेवर चालू आहेत, मग काळजीचं कारण आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपायचे असतात. त्यात त्याचं हे वाक्य. ते सोडून देऊ नका.

आज जेवणं झाली की जवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असली तर मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. आईंना पोलिसांची धास्ती आहे, त्यांना सांगा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात खचून जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नाही, उपचार आहेत.

आता गोळ्यांपलीकडचं. चाळीत तो गॅलरीत नुसता उभा राहिला तरी कुणीतरी हटकायचं, "काय रे, आज सुट्टी?" इथे फ्लॅटचं दार लागलं की लागलं. नोकरी, लग्न, शेजार, सगळं एकाच वर्षात सुटलं. गोळीने मन सावरेल, पण हे परत येणार नाही. डॉक्टरांना यातलं काही सांगितलंय का? पुढची तारीख लांब असेल तर अलीकडे घ्या आणि सगळं सांगा.

मावसबहिणीच्या लग्नाला त्याला न्यायचं नाही, हे आईंचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. लोक विचारतील, विचारू देत. घरी ठेवलंत तर आपली लाज वाटते एवढंच त्याला कळेल. यायचंय का, ते त्यालाच विचारा. आणि वॉर्डात भेटायला येणाऱ्या त्या चाळीतल्या मित्राला रविवारी जेवायला बोलवा.

रात्री बोलणं झालं की दोन ओळी लिहा. वाट बघतेय.