बोअरचं पाणी लाल का होतं?

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ असतं, पण कळशीत रात्रभर ठेवलं की तळाला लालसर गाळ बसतो, वर तवंग येतो. चहाही काळपट होतो. पिण्याला चालेल का? तपासणी कशी करावी?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ही लोहाची लक्षणं. जमिनीखाली लोह विरघळलेलं आणि रंगहीन असतं, हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो. चहा काळवंडतो तो त्यातल्या टॅनिनमुळे. तवंग काडीने मोडून पाहा. तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहाचा किंवा लोहजीवाणूंचा. लगेच मिटला तर तेलाचा, मग पंप तपासा.

नमुने दोन घ्या : एक सकाळी पंप सुरू केल्याबरोबर, दुसरा 15 मिनिटं उपसल्यावर. पहिल्यात लोह जास्त आणि दुसऱ्यात नगण्य असेल, तर दोष बहुधा गंजलेल्या केसिंगचा (बोअरमध्ये घातलेल्या नळाचा) किंवा पाइपचा. फिल्टरवर खर्च करू नका. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. एकूण लोहासाठी लिटरला 2 मिलि संहत नायट्रिक आम्ल लागतं (ते हाताळणं प्रयोगशाळेवरच सोडा). आम्ल नसेल तर लोह बाटलीच्या कडांना धरतं आणि अहवालात आकडा फसवा, कमी येतो. जीवाणूंच्या तपासणीला मात्र आम्ल नसलेली निर्जंतुक बाटली हवी. ती बर्फात ठेवून 24 तासांत पोचवा. सामू (पीएच, पाणी किती आम्लधर्मी ते) जागेवरच मोजलेला बरा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 मध्ये लोहाची मर्यादा आधी लिटरला 0.3 मिलिग्रॅम होती, 2015 च्या दुरुस्तीने ती 1 झाली. तपासणी किटच्या जुन्या पत्रकावर 0.3 दिसलं तर गोंधळू नका. चव बिघडणं, कपड्यांवर डाग पडणं 0.3 च्या आसपासच सुरू होतं. मर्यादेच्या थोडं वर गेलेलं लोह म्हणजे विष नव्हे. पण घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारा, त्यांच्या शरीरात लोह साठत जातं. मँगनीज आणि कोलिफॉर्म (घाण मिसळल्याची खूण देणारे जीवाणू) याच फेरीत तपासून घ्या. खरी भीती जीवाणूंची.

प्रश्न : मग थेट आरओ बसवला तर?

उत्तर : आरओचं मेंब्रेन (गाळणारा पडदा) लवकर चोंदेल. आधी पाणी खडीवरून तुषारांनी पाडा, टाकीत निवळू द्या, मग वाळूच्या फिल्टरमधून काढा. जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी असतं. सामू 7 च्या खाली असला की लोह बाहेर पडायला फार वेळ लागतो. अशा वेळी चुनखडीच्या खड्यांचा थर घाला.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकत असाल तर आणखी एक घोळ. 1 मिलिग्रॅम लोह सुमारे 0.64 मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणजे नेहमीचा डोस जंतूंपर्यंत पोचतच नाही. त्यात गंजलेलं लोह आणि मँगनीज ओटी (पाण्यात उरलेलं क्लोरीन पिवळ्या रंगावरून दाखवणाऱ्या) चाचणीत स्वतःच पिवळा रंग देतात, आणि क्लोरीन नसतानाही आहेसं वाटतं. म्हणून टीसीएल लोह काढल्यानंतरच टाका, आणि अर्ध्या तासाने ओटी घ्या.