तलावातील सूक्ष्म जीव पाहू लागताना

ठाण्याच्या उपवन तलावावर पहिल्यांदाच जाणार असाल, तर मधल्या मोकळ्या पाण्याचा नाद सोडा आणि काठालगत, जिथे पाणवनस्पतींची मुळे पाण्यात लोंबत असतात, तिथले पाणी रुंद तोंडाच्या बरणीत अलगद भरून घ्या. खरी वस्ती तिथेच असते. घरी बरणी खिडकीपाशी, पण थेट उन्हात नव्हे, तासभर न हलवता ठेवावी. गाळ बसला की झटके देत वर-खाली पोहणारे ठिपके दिसतील. त्या पाणपिसवा, म्हणजे डाफ्निया किंवा त्यांच्या जातकुळीतील मॉइना. दहापट भिंगातून त्यांच्या पारदर्शक पाठीत धडधडणारे हृदय दिसते, आणि ते पाहिल्यावाचून पुढे जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. शेपटीशी दोन अंडपिशव्या वागवणारी सायक्लॉप्स या एकडोळ्या सूक्ष्म जलजीवाची मादीही सापडेल. काचेला चिकटलेला, दोऱ्याच्या तुकड्यासारखा हायड्रा हा छोटा जलचर मात्र धीराने शोधावा लागतो. धक्का लागताच तो आखडून बारीक गोळा होतो. १७४० च्या दशकात निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेम्ब्ली यांनी हायड्रा कापला, तेव्हा त्याच्या तुकड्यांपासून नवे, पूर्ण हायड्रा वाढले. चतुराची अळी आढळल्यास ती वेगळी ठेवावी, कारण ती बाकीच्यांना फस्त करते. बरणीत नळाचे क्लोरीनयुक्त पाणी घालू नये, आणि पाहून झाले की सगळे जीव उपवनातच परत सोडावेत, दुसऱ्या तलावात नव्हे.