खाडीकाठची पत्रं : पैसा कुणाचा, वही कुणाची?

प्रश्न : बाई, आमचा दहा जणींचा बचत गट. तीन वर्षांपूर्वी आम्हाला खाडीतल्या कांदळवनात खेकडे पाळायचा प्रकल्प मिळाला. बाहेरच्या देशांचा पैसा आहे असं तेव्हा सांगितलं होतं. प्रशिक्षण झालं, जाळ्याचं कुंपण झालं, फोटो निघाले. पहिल्या खेपेला माल बरा निघाला, दुसऱ्या खेपेला निम्म्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, गायब. आता कोणी साहेब फिरकत नाही. गावातले पुरुष म्हणतात, परदेशी पैसा संपला, आता आवरा. आम्ही विचारायचं कुणाला आणि काय?
एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आवरू नका, हे आधी सांगते.

पैशापासून सुरुवात करू. तुमचा प्रकल्प नेमका कुठल्या निधीतला, ते पत्रावरून कळत नाही. पण आपल्या किनाऱ्यावर ज्याचं नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं, त्या ग्रीन क्लायमेट फंडाचं, म्हणजे हवामान बदलाशी झुंजण्यासाठी अनेक देशांनी मिळून उभारलेल्या निधीचं, उदाहरण घ्या. २०१८ मध्ये या फंडाने आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, म्हणजे यूएनडीपी, त्यात भागीदार. पण अख्खा प्रकल्प सुमारे १३ कोटी डॉलरचा! उरलेला दोन तृतीयांश वाटा राज्य सरकारांनी घालायचा, असं ठरलेलं. म्हणजे जिला आपण 'परदेशी मदत' म्हणतो तिच्यातला मोठा भाग तुमच्या-माझ्या करातून येतो. पारावर बसून 'परदेशी पैसा संपला' म्हणणाऱ्यांना हा हिशोब जरूर वाचून दाखवा.

तेव्हा विचारायचा हक्क तुम्हाला आहेच. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. तीनच गोष्टी मागा : आमच्या गटाच्या नावावर किती रक्कम मंजूर झाली, ती कोणत्या तारखांना कशावर खर्च झाली, आणि प्रकल्प संपल्यावर देखभाल कोणी करायची असं लिहिलंय. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्जावर सही गटाच्या अध्यक्षांची असू दे. नवऱ्याची नको, मुलाचीही नको.

आता कुर्ल्या. निम्म्या गायब झाल्या म्हणजे चोरी झालीच असेल असं नाही. कुर्ली वाढते ती कात टाकून. कात टाकल्यावर तिचं नवं कवच मऊ असतं, आणि तेवढ्या वेळात बाजूची टणक कवचाची कुर्ली तिला खाऊन टाकते. माझ्या ओळखीच्या एका गटातल्या बायका ओहोटीला कुंपणात उतरून फक्त नांग्यांचे तुकडे गोळा करत होत्या. कुठे, किती सापडले हे त्यांनी पंधरा दिवस वहीत लिहिलं, तेव्हा लक्षात आलं की एकाच कोपऱ्यात मोठ्या आणि लहान कुर्ल्या एकत्र सोडल्या गेल्या होत्या. त्यांनी आकाराप्रमाणे वेगळे कप्पे केले आणि लपायला पाइपाचे तुकडे आणि जुनी कौलं टाकली. पुढच्या खेपेला त्यांना फरक दिसला. तुम्हीही वही सुरू करा. तारीख, तिथी (भरतीचं गणित तिथीवरच चालतं), किती सोडल्या, किती मेलेल्या सापडल्या, खाद्य किती, एवढं पुरे.

खाद्यावरून एक बोलतेच, कारण ते मला खरंच खटकतं. खेकड्यांना घालायला जाळ्यात आलेली बारीक मासळी वापरतात. तिच्यात उद्या मोठी होणारी पिल्लं असतात. याच सिंधुदुर्गात, परदेशी निधीच्याच एका आधीच्या प्रकल्पात, पिल्लं सुटून जावीत म्हणून ट्रॉलच्या, म्हणजे यांत्रिक होडीने ओढायच्या जाळ्याच्या, खोळ्याला (शेवटच्या पिशवीला) ४० मिलिमीटरचे चौकोनी आस (जाळ्याची भोकं) लावायचा प्रयोग झाला. एका हाताने पिल्लं सोडायची आणि दुसऱ्या हाताने तीच खेकड्यांना घालायची, हे बरोबर नाही. मासळी बाजारातली डोकी, कातडी, आतडी आणून बघा. बाजारात विकणाऱ्या बायका तुमच्याच ओळखीच्या असतील, त्यांना टोपलीमागे काही ठरवून द्या.

आणि एक दिवस वेंगुर्ल्याला जाऊन या. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून मांडवी खाडीत कांदळवन सफर चालवतात. होडी त्या स्वतः वल्हवतात, आणि चिपीचं झाड कुठलं, तिवराचं कुठलं, कुठलं मूळ कशासाठी वर आलंय, हेही त्याच सांगतात. यूएनडीपी आणि राज्याचा कांदळवन कक्ष सुरुवातीला मदतीला होते. वल्हं मात्र पहिल्या दिवसापासून बायकांच्या हातात. तुमच्या गटाचं पासबुक कुणाच्या कपाटात आहे, ते मला पुढच्या पत्रात कळवा.

प्रश्न : मी वर्ध्याची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला समुद्रात संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, विदर्भात समुद्र नाही आणि जहाजावर मुलींचं काम नाही. यात पुढे जाता येईल का?

उत्तर : येईल. समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत नागपुरातच जन्मल्या, १९४३ साली. पुण्यात बी.एस्सी. करून त्या हवाई विद्यापीठात गेल्या, मग लंडनला पीएच.डी. केली. विषय होता समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा. परत येऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, त्यात त्या होत्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ताही. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोघी स्त्रिया.

त्यांची गोव्याची संस्था कशातून उभी राहिली तेही घरच्यांना सांग. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची मिळून सुमारे ४० जहाजं हिंदी महासागरात फिरली, कारण या समुद्राबद्दल तोवर फार थोडं ठाऊक होतं. त्या मोहिमेच्या पाठोपाठ, १ जानेवारी १९६६ ला, ही संस्था सुरू झाली. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा आरंभही डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातूनच झाला.

तुझा पुढचा रस्ता असा : गोवा विद्यापीठात किंवा कोचीत सागरी विज्ञानात एम.एस्सी., किंवा मासेमारीकडे ओढा असेल तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. मग नेट परीक्षा. संशोधनाला लागलीस की 'पोगो' या जागतिक समुद्र-निरीक्षण भागीदारीच्या शिष्यवृत्त्या बघ. विकसनशील देशांतल्या तरुणांना त्या दुसऱ्या देशाच्या प्रयोगशाळेत, कधी संशोधन जहाजावरही पाठवतात. स्वीडनमधल्या माल्म्योच्या जागतिक सागरी विद्यापीठात तर समुद्रविज्ञानातल्या स्त्रियांसाठी म्हणून वेगळा कार्यक्रम कॅनडाच्या मदतीने सुरू झाला.

जहाजावर मुलींचं काम नाही, हे मीही ऐकलंय. १९७९ साली मला प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, नमुने हवे होते. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणाला, बाई चढली की जाळं रिकामं येतं. तीन आठवडे माझा वर्गमित्र समुद्रात जायचा आणि मी जेटीवर बाटल्या घ्यायला उभी. दोन बाटल्यांवरचं लेबल शाईने लिहिलेलं, ते नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये पार उतरलं. कुठलं पाणी, कुठली वेळ, काही कळेना. मी तिथेच रडायला लागले. चौथ्या आठवड्यात तांडेलाची बायको मध्ये पडली. लिलावाला तीच बसायची. म्हणाली, "तिका घेवन जा, नायतर तुझी मासळी मी इकूचंय नाय." त्या दिवशी जाळं नेहमीसारखंच भरून आलं. मी लेबलं पेन्सिलने लिहिली. तूही पेन्सिलच वापर.

प्रश्न : आमच्या गावात बाहेरदेशीचे दोन अभ्यासक आले होते. त्यांनी बायकांकडून कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या, माहिती विचारली, वाटाड्या म्हणून पैसे दिले आणि गेले. यात काही चूक आहे का? — रत्नागिरी जिल्ह्यातून

उत्तर : येऊन अभ्यास करण्यात चूक नाही, परवानगी न घेण्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला इथले जीव संशोधनासाठी घ्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. आपल्या संस्थांबरोबरच्या, केंद्राने मान्य केलेल्या सहकार्य प्रकल्पांना त्यातून सूट आहे. म्हणून आधी कागद बघायला मागावा. खरा संशोधक तो हसत दाखवतो.

तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया. कालवं काढणारी एखादी तरी बाई त्यात आहे का, विचारा. कालवं कुठल्या खडकावर दाट लागतात, कुठल्या महिन्यात काढायची नाहीत, हे तिला तोंडपाठ असतं. पुढच्या वेळी कोणी आलं तर दोन गोष्टी लिहून घ्या : अहवालाची प्रत मराठीत गावाला द्यायची, आणि जिने माहिती दिली तिचं नाव, तिची हरकत नसेल तर, अहवालात घालायचं. वाटाड्या म्हणून नको, माहिती देणारी जाणकार म्हणून.