अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढलेत, पण ते ओळखायचे कसे?

डिसेंबरात आक्षीला जे पांढरे-राखाडी थवे दिसतात ते बहुतेक कुरव, म्हणजे सीगल. थंडीत त्यांचं डोकं काळं किंवा तपकिरी नसतं, कानामागे फक्त एक काळपट ठिपका उरतो, म्हणून पुस्तकातल्या उन्हाळी चित्राशी जुळवत बसलात तर डोकं फिरेल. फोटो झूम करून डोळा बघा, पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याचा डोळा फिकट असेल तर ब्राउन हेडेड गल, गडद असेल तर ब्लॅक हेडेड गल. आणि एखादा तरी उडतानाचा फोटो हवाच, कारण ब्राउन हेडेडच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके असतात, ते बसलेल्या पक्ष्यात नीट दिसत नाहीत.

वाळूवर तुरुतुरु पळणारे चिमुकले ते चिखले, म्हणजे प्लोव्हर. मानेमागून पांढरी पट्टी पूर्ण फिरत असेल तर केंटिश प्लोव्हर, नसेल तर बहुधा सँड प्लोव्हर. सँड प्लोव्हरमध्ये लेसर (लहान) आणि ग्रेटर (मोठा) या जाती वेगळ्या करायच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका.

फोटोसाठी सकाळी जा, आपल्याकडे समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सूर्य आपोआप पाठीशी येतो. भरती चढत असताना पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, तेव्हा त्यांच्या मागे न धावता खाली बसून राहायचं. शटर स्पीड १/१६०० सेकंदाच्या आसपास, फोटोत पांढरे पक्षी जळत असतील (तपशील जाऊन नुसते पांढरेफेक दिसत असतील) तर एक्स्पोजर थोडं मायनस करा. पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप आहेच, पण ते सांगेल ते डोळे झाकून मानू नका.