थांबत जायची सायकल: वाचकांचे प्रश्न

सायकलवरून शहरातली भिंतीचित्रं बघत, वाटेत खात भटकायचं कसं, याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: रविवारी सकाळी तीन तास मोकळे मिळतात. आम्ही दोघं, दोघांकडे साध्या गिअरच्या सायकली. तलावपाळीहून निघून चित्रं आणि नाश्ता दोन्ही उरकेल असा रस्ता सांगा. (नौपाडा, ठाणे)

उत्तर: बहुतेक मंडळी आधी मिसळ हाणतात आणि मग उपवनच्या दिशेने निघतात. वर्तकनगरच्या पुढे पाय जड होतात, घशाशी येतं आणि दोष सायकलला दिला जातो. ठाण्याची जमीन स्टेशनकडून येऊरच्या डोंगराकडे हळूहळू चढत जाते. गाडीतून जाताना हा चढ जाणवतही नाही, पेडल मारताना चांगलाच जाणवतो. म्हणून जाताना चित्रं, येताना खाणं. उतारावर भरल्या पोटाने आलं तरी चालतं.

साडेसहाला मासुंद्याच्या, म्हणजे तलावपाळीच्या, काठावर या. तलावाला एक फेरी मारा, गडकरी रंगायतन आणि कौपिनेश्वराचं देऊळ याच फेरीत येतात. तिथून पाचपाखाडीतला कचराळी तलाव दोन किलोमीटरच्या आत आहे. पुढे खोपटवरून कॅडबरी जंक्शन, उड्डाणपुलाखालून हायवे ओलांडून पोखरण रोड नंबर एक, वर्तकनगर आणि उपवन. जाऊन-येऊन बारा ते पंधरा किलोमीटर होतात. नुसतं चालवलं तर तासाभराचं काम, पण तुम्ही वीस वेळा थांबणार आहात, तेव्हा अडीच तास धरा.

चित्रांचं गणित उजेडावर आहे. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतींवर सकाळी सात ते साडेआठ कोवळं ऊन असतं, रंग तेव्हाच खुलतात. नऊनंतर ऊन पांढरं पडतं आणि भिंतीसमोरच्या झाडांच्या सावल्या चित्रावर ठिपके पाडतात. पश्चिमेकडच्या भिंती संध्याकाळसाठी ठेवा. पण उपवनच्या काठाला संध्याकाळ लवकर होते, कारण सूर्य येऊरच्या डोंगराआड जातो. उड्डाणपुलांचे रंगवलेले खांब दिवसभर अंधारेच. सूर्य खाली असताना तिरपा उजेड पुलाखाली शिरतो, तेवढीच त्यांची वेळ. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी या पुलांखाली सायकलवर बसून मान वर करू नका. सिग्नल सुटल्यावर रिक्षा डावीकडून कापतात. उतरा, सायकल हातात धरून कडेला या, मग बघा. मेट्रो ४च्या कामाने या पट्ट्यात पत्र्याचे अडथळे उभे राहिले, रस्त्यावर लोखंडी प्लेटा पडल्या. दवाने ओल्या झालेल्या प्लेटेवर हँडल वळवायचं नाही की पुढचा ब्रेक दाबायचा नाही. सरळ जा, प्लेट संपली की वळा.

उपवनहून येऊरचं गेट जवळ दिसतं म्हणून मोह होतो. तो घाट चांगलाच उभा आहे, वरचा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथे भिंतीचित्रं नाहीत. त्याच्यासाठी वेगळा रविवार ठेवा.

परतताना खाणं. मामलेदार कचेरीजवळची मिसळ घेणार असाल तर तिखट किती हवं ते आधीच सांगा, नंतर पाणी मागून उपयोग नाही. विष्णुनगरात गजाननचा वडापाव, सोबत बेसनाची पिवळी पातळ चटणी. चटणी पुन्हा मागायला लाजू नये, सगळेच मागतात. स्टेशनजवळ कुंजविहारचा वडा एवढा मोठा की दोघांत एक पुरतो. तिन्ही एका सकाळी करू नका. मिसळ घेतली तर वडापाव पुढच्या खेपेला. गुढीपाडव्याला मात्र हा रस्ता धरू नका. कौपिनेश्वरापासून शोभायात्रा निघते, त्या दिवशी सायकल घरी ठेवून पायी जाण्यातच मजा आहे.

प्रश्न: अशा भटकंतीसाठी सायकल वेगळी लागते का? माझी आहे ती जुनी हायब्रिड. (वर्तकनगर)

उत्तर: आहे तीच चालेल, फक्त ती थांबण्यासाठी लावून घ्या. लांब पल्ल्याला सीट उंच ठेवतात. इथे ती एक-दीड सेंटिमीटर खाली घ्या, म्हणजे सीटवर बसूनच पायाचे चवडे टेकतील. दर दोनशे मीटरला उतरून चढण्याने गुडघ्याइतकाच माणूसही कंटाळतो.

हवा कमी ठेवा. ३८ मिलिमीटरच्या टायरला पन्नास-पंचावन्न पीएसआय पुरे, जाड एमटीबी (माउंटन बाइक) टायरला पस्तीस ते चाळीस. पेव्हर ब्लॉक, झाकणांच्या कडा आणि ओळीने पाच-पाच पट्ट्यांचे गतिरोधक यांवर टणक टायर हाडं मोजायला लावतो. मात्र याहून फार खाली गेलात तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

सगळ्यात मोठी चूक गिअरची. वेगात येतो, भिंत दिसते, करकचून थांबतो आणि चेन मागच्या सगळ्यात लहान दातऱ्यावरच राहते. निघताना उभं राहून जोर दिला की चेन उडते, कधी डिरेलरचा (चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हूक वाकतो. थांबण्याच्या दहा-पंधरा मीटर आधी पेडल फिरतं ठेवून दोन-तीन गिअर हलके करा. हाताला ही सवय एका रविवारात लागते.

स्टँडवर भरवसा नको. मागे पिशवी लटकवली आणि फरशी ढिली असली की सायकल आडवी होते, तीही नेमकी चित्राच्या अंगावर. रंगवलेल्या भिंतीला सायकल टेकवूच नका. कमरेच्या उंचीवर आडवे काळे ओरखडे दिसतात ना, ते हँडलच्या रबराचे असतात. कुलूप मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घेऊन रेलिंगला लावा. पुढचं चाक खटक्याचं, म्हणजे पान्याशिवाय निघणारं, असेल तर त्याच्यासाठी केबल वेगळी. आणि टपरीवर बसताना सायकलकडे तोंड करून बसा, हे कुलपापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीवर हौसेने वारली काढून घेतली. एका पावसाळ्यात पापुद्रे सुटले. पेंटर म्हणतो भिंतच खराब. खरं काय? (कळवा)

उत्तर: पेंटर अर्धं खरं बोलतोय. वारली हे मुळात घराच्या आतल्या भिंतीचं चित्र. कारवीच्या कुडाला शेण-मातीचा लेप, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्यात बुडवलेली, टोक चेचून कुंचला केलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक घरातल्या सुवासिनी काढायच्या, आत पालघाट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी ते चित्र गाण्यातून जिवंत करायची. ते वर्षानुवर्षं टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण तीच कला उचलून उघड्या कुंपणावर, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात उभी केली. तेव्हा तिला रंग बाहेरचा लागतो आणि भिंत कोरडी लागते.

पहिली तपासणी तळहाताने करा. भिंतीवर हात घासल्यावर खडूसारखी भुकटी आली तर खाली डिस्टेंपर आहे, तो आतल्या खोल्यांचा माल. भुकटीऐवजी पांढरे कापसासारखे फुलोरे असतील तर तो लोणा: भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि रंगाला आतून ढकलतं. कळव्यात खाडी जवळ, कुंपणाच्या मागे बागेची माती टेकलेली, वर कोपिंगला (भिंतीच्या माथ्याला) उतार नाही, मग लोणा येणारच. तिसरी आणि हल्ली वारंवार दिसणारी चूक म्हणजे गेरूचा रंग स्वस्तात मिळतो म्हणून ग्रिलला मारायचा रेड ऑक्साइड प्रायमर सिमेंटवर फासणं. तो तेलाचा असतो. सिमेंटमधला अल्कली तेलाचा साबण करतो, आणि पहिल्या मोठ्या सरीला रंग चादरीसारखा निघतो. निघालेला पापुद्रा चिमटीत धरून बघा. रबरासारखा वाकत असेल आणि मागची बाजू चिकट असेल, तर हेच झालंय.

दुरुस्ती दिवाळीनंतर करा, होळीच्या आत संपवा. मागची माती भिंतीपासून वीतभर सरकवा, माथ्याला सिमेंटचा उतार द्या. सगळा सुटा रंग पत्रीने खरवडा, तारेच्या ब्रशने लोणा कोरडाच झाडा (पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात). मग फूटभर चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत ओली आहे, आणखी पंधरा दिवस थांबा. नवीन प्लास्टर केलं असेल तर अठ्ठावीस दिवस हातही लावू नका. त्यानंतर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक प्रायमर एक हात, गेरू रंगाचं एक्स्टीरियर इमल्शन दोन हात, मध्ये चार-सहा तास. दहा बाय सहा फुटांच्या तुकड्याला इमल्शन सव्वा लिटर आणि चित्रासाठी पांढरं पाव लिटर पुरतं. पांढऱ्यात पाणी अगदी थोडं घाला. जास्त पातळ केलं की तारपा नाचाच्या फेऱ्यातली माणसं खाली ओघळतात, आणि दोन त्रिकोणांच्या त्या अंगाला मग कंबर राहत नाही.

प्रश्न: पाम बीच रोडने वाशी ते बेलापूर जाताना चित्रं, फ्लेमिंगो आणि मासे, तिन्ही जमेल का? (सानपाडा)

उत्तर: जमेल, पण सगळं पाम बीचवरून नको. तो सरळ, रुंद रस्ता वेगाच्या गाड्यांचा. खरा धोका डाव्या वळणांवर: तुम्ही सरळ जाताय आणि मागची गाडी तुमच्या पुढून नेरूळ किंवा सीवूड्सकडे वळते. सेक्टरांतल्या आतल्या रस्त्यांनी जा. भिंतीचित्रंही तिथेच जास्त, शाळांच्या आणि उद्यानांच्या कुंपणांवर. शहराचं नाव फ्लेमिंगोंशी जोडलं गेल्यापासून गुलाबी रंगाची चंगळ आहे. काही पक्ष्यांचे गुडघे चित्रकाराने चुकीच्या बाजूला वाकवलेत, ते ओळखण्याचा खेळ मुलांना आवडतो.

खरे पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत. वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरवा. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात दूरवर चरत असतात. भरतीने चिखल बुडाला की सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींकडे येतात. भरतीच्या वेळेच्या आगेमागे तासभर, हा हिशोब. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. काठावर घंटी वाजवू नका, सायकल लांब लावून चालत जा.

माशांसाठी बेलापूरजवळचं दिवाळे गाव. सिडको १९७० मध्ये आली त्याआधीपासूनची ही कोळी-आगरी गावं सेक्टरांच्या मध्ये टिकून आहेत, त्यांच्या गल्ल्या सायकलएवढ्याच रुंद. ताजी मासळी घेऊन परत वाशीपर्यंत न्यायची असेल तर बर्फ, झाकणाचा डबा आणि कॅरिअरला दोरी हवी. नुसती पिशवी हँडलला अडकवलीत तर ती पुढच्या चाकात जाते. त्यापेक्षा तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील तिथेच खा. सानपाड्याहून निघताना तुर्भ्याच्या एपीएमसीच्या बाजूने जाऊ नका. पहाटेपासून ट्रक, आणि रस्त्यावर पडलेला ओला पाला साबणासारखा घसरतो.

प्रश्न: पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने हवा भरताना ट्यूब फुटली. भरपाई मागावी का? (ऐरोली)

उत्तर: सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती? कॉम्प्रेसर तिला दोन सेकंदांत भरतो. नळी लावून धरून ठेवायची नाही, टच-टच करत तीन-चार वेळा सोडायची आणि प्रत्येक वेळी अंगठ्याने टायर दाबून बघायचा. हे त्याला आधी सांगायचं होतं. तुमचा व्हॉल्व्ह बारीक, वर स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर स्कूटरची नळी बसणारच नाही. पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. ठिगळ स्वतः लावत असाल तर सोल्यूशन लावून पाच मिनिटं थांबा, चकाकी गेल्यावरच ठिगळ दाबा. ओल्यावर दाबलेलं ठिगळ उन्हात सरकतं. आणि ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काच काढा, हळूच.

प्रश्न: खाल्ल्यावर किती वेळाने निघावं? उन्हाळ्यात पाणी किती? (घोडबंदर रोड)

उत्तर: इडली किंवा साबुदाण्याची अर्धी प्लेट: पंधरा मिनिटं. तर्रीची मिसळ: पाऊण तास तरी, कारण तेल पोटात रेंगाळतं. निघण्याआधी एक केळं पुरे. सकाळी पोंपों वाजवत सायकलवरून फिरणाऱ्या अण्णाची इडली सगळ्यात हलकी, मात्र ओल्या खोबऱ्याची चटणी मार्चनंतर सकाळी नऊपर्यंतच घ्या. पाणी तासाला अर्धा लिटर, घोट-घोट. घाम फार जात असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

प्रश्न: पावसाळ्यात कळव्याहून ऐरोलीला विटाव्यावरून जाता येईल? (खारेगाव)

उत्तर: रिपरिप असेल तर जा. जोर असेल तर विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, आणि त्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं झाकण ते कळत नाही. रिक्षा जातेय म्हणून मागे घालू नका. चाकाचा हब (मधला भाग) बुडेल एवढ्या पाण्यातून गेलाच असाल तर त्याच दिवशी चेन पुसून प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल टाका, आणि चाक उचलून कानाशी फिरवा. आतून करकर आली तर बेअरिंगचं ग्रीस धुतलं गेलंय.