'क्षणिक वेग' की 'तात्कालिक वेग'?

लातूरच्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे, की स्थान-फलनाचे (वस्तू कोणत्या वेळी कोठे आहे हे सांगणाऱ्या सूत्राचे) अवकलज (कॉलेजात ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात ते) काढून जो वेग मिळतो, त्याला मराठीत 'क्षणिक वेग' म्हणावे की 'तात्कालिक वेग'. शिकवणीत दोन्ही शब्द त्याच्या कानावर पडतात.

माझे मत 'तात्कालिक'कडे झुकते. क्षणिक मोह, क्षणिक सुख या प्रयोगांत 'आले आणि गेले' हा भाव असतो. पण जालन्याच्या रस्त्याला एखादी मोटार अर्धा तास ताशी ६० किलोमीटर या एकाच वेगाने चालली, तर त्या अर्ध्या तासातल्या कोणत्याही क्षणी तिचा वेग तेवढाच असतो, आणि त्याला क्षणिक म्हणणे विपरीत ठरते. येथे वेग किती टिकला हे सांगायचेच नाही; तो कोणत्या क्षणीचा, एवढेच सांगायचे आहे.

खरी मेख पुढे आहे. क्षणाला लांबीच नाही, मग अंतराला कालावधीने भागायचे कसे? खोल विहिरीत दगड सोडला, हवेचा विरोध वगळला आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले, तर 'क' सेकंदांत दगड ५क² मीटर खाली जातो. दोन सेकंद पूर्ण होताना तो २० मीटरवर असतो. २ ते २.१ सेकंद या अवधीतला सरासरी वेग सेकंदाला २०.५ मीटर येतो, २ ते २.०१ या अवधीतला २०.०५. अवधी 'ह' धरला तर सरासरी वेग २० + ५ह. 'ह' आरंभीच शून्य मानला तर शून्याला शून्याने भागण्याची वेळ येते. म्हणून आधी भागाकार उरकायचा आणि मग 'ह' शून्याकडे न्यायचा. उरतात ते २०. हेच दर क्षणासाठी केले की अवकलज १०क मिळते.

'तात्कालिक' हा शब्द परिभाषा-समितीच्या टेबलावर जन्मलेला नाही. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (११५०) ग्रहांच्या संदर्भात 'तात्कालिकी गति' येते, कारण चंद्राची गती दिवसभर सारखी राहत नाही आणि तिथ्यंत (तिथी संपण्याची वेळ) काढताना त्या वेळचीच गती लागते.

अडचण एकच: 'तात्कालिक उपाय' या प्रयोगामुळे आज हा शब्दही 'तात्पुरता' या अर्थाकडे घसरतो. म्हणून शिकवताना पहिल्या वेळी 'त्या क्षणीचा वेग' असे फोडून सांगावे आणि नंतर 'तात्कालिक' वापरावा. उत्तरपत्रिकांत दिसणारा 'तात्काळ वेग' मात्र सरळ खोडावा.