ग्रीन कार्डची लाइन आणि 'सगळ्यांना दार उघडं'ची गोष्ट

तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी एच-१बीवर (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) न्यू जर्सीतल्या एडिसनला येतोय, अमेरिका तर पहिल्यापासून सगळ्यांना दार उघडं ठेवणारा देश, मग ग्रीन कार्डला (कायम राहण्याचा परवाना) आपल्याच लोकांची एवढी लाइन का. मीपण हेच डोक्यात घेऊन आलो होतो.

दार उघडं वगैरे नव्हतं हो. म्हणजे आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये आल्या तेव्हा व्हिसाच नव्हता, त्या तुमच्या एडिसनजवळच रोझेलला कार्पेंटरबाईंकडे राहिल्या, पण चिनी मजुरांना आदल्याच वर्षी बंदी झाली होती आणि १९१७ ला आपला नंबर लागला, भारतातून मजुरांनी येणं बंद. नागरिकत्वाचं तर १७९० पासूनच 'गोरा' असण्यावर अडलेलं (१८७० नंतर आफ्रिकन वंशाच्यांनाही, आपल्याला नाहीच).

१९२३ ची भगतसिंग थिंड यांची केस वाचाच (शहीद भगतसिंग वेगळे). पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता हा माणूस, आणि कोर्टात म्हणणं काय, तर मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे गोराच की! आपला जातीचा तोरा तिथेही चालेल असं वाटलं असणार. सुप्रीम कोर्ट म्हणालं, शास्त्र काही म्हणो, साध्या माणसाच्या नजरेत हे गोरे नाहीत. मग आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा काढून घ्यायला लागले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणाऱ्या वैष्णो दास बगाई यांचं गेलं, त्यांनी १९२८ ला जीव दिला.

१९४६ ला दार किलकिलं झालं, कोटा किती, तर वर्षाला साधारण १०० माणसं, अख्ख्या भारताला! खरं उघडलं १९६५ ला, तेही सही करताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, कारण येतील ते युरोपातल्यांचेच नातेवाईक असा बहुतेकांचा हिशोब होता. तो साफ चुकला, म्हणून आपण इथे.

आता तुमची लाइन. जुना वंशाचा कोटा गेला पण त्याजागी प्रत्येक देशाला सारखी मर्यादा आली, हल्ली ती वर्षाला ठरलेल्या ग्रीन कार्डांच्या ७ टक्के आहे, म्हणजे भारत काय नि आइसलँड काय, आकडा एकच, आणि अर्ज मात्र आपल्याकडून कितीतरी जास्त. बाकी देशांकडून उरलेलं थोडंफार मिळतं, पण तेवढ्याने काय होणार.

तेव्हा ऑफर लेटरवर सही करायच्या आधीच कंपनीला विचारा की ग्रीन कार्डचं काम कधी सुरू करणार, आणि उत्तर ईमेलवर घ्या. प्रायॉरिटी डेट (लाइनीतला तुमचा नंबर ठरवणारी तारीख) जेवढी लवकरची तेवढं बरं.